उषाबाईंचे डॉलर

मोहाडीच्या आठवडी बाजारात वासुदेवराव शिरले की भाजीवाल्या आपसात हसायच्या. पाव किलो वांगी घ्यायची असली तरी हा माणूस बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भाव विचारत जाणार, त्या टोकापासून परत विचारत येणार आणि शेवटी जिथून निघाला तिथेच वांगी घेणार, हे सगळ्यांना पाठ होतं. वर कोथिंबिरीच्या चार काड्या मागून घेतल्याशिवाय पिशवीचं तोंड बंद करणार नाही, हेही.

त्यांना कंजूष म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. पाहुण्याला कधी अर्धपोटी उठवलं नाही, पोराच्या शिक्षणात हात आखडला नाही. आपल्याला कोणी उल्लू बनवलं, ही कल्पनाच त्यांना सोसत नसे, एवढंच. जन्मभर धान पिकवला आणि धानाचा भाव जन्मभर दुसऱ्यानेच ठरवला. मग निदान घेताना तरी चार ठिकाणी विचारून घ्यावं, असा त्यांचा साधा हिशोब. चार ठिकाणांची वयोमानाने चाळीस ठिकाणं झाली होती, ती गोष्ट वेगळी.

तर अशा माणसावर यंदा दिवाळीनंतर डॉलर विकत घ्यायची वेळ आली.

झालं असं की उषाबाईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, धाकटी बहीण कलाबाई नागपुरात नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली. हाती पैसा आला, अंगात उत्साह पहिल्यापासून होताच. तिने व्हिएतनामच्या सहलीला जायचं ठरवलं आणि स्वतःबरोबर ताईचंही तिकीट काढून टाकलं. विचारलं नाही, फोन करून नुसतं सांगितलं. नर्सिंग शिकत असताना कलाबाई सुट्टीत यांच्याच घरी राहायची. जाताना उषाबाई तिला पोहे, पापड, लोणचं बांधून द्यायच्या आणि पदराआड थोडे पैसेही. "तवा तू केलं, आता मी करून राहिली. काही बोलू नको," कलाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

उषाबाईंनी समुद्र पाहिला नव्हता. विमान पाहिलं होतं, पण खालून. पासपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी तो दिवसातून कितीदा उघडून पाहिला असेल, सांगता येत नाही. त्यातल्या फोटोत आपण रागावलेल्या दिसतो, अशी त्यांची तक्रार होती. चेहरा मात्र असा फुललेला की वासुदेवरावांना लग्नानंतरचे दिवस आठवले.

ते स्वतः जाणार नव्हते. हलका, लवकर येणारा धान घरी आला होता, पण उशिराचा भारी धान अजून शेतातल्या बांधीत उभा होता. तो टाकून कसं जायचं? खरं सांगायचं तर त्यांना विमानाची भीती वाटत होती, पण तिचं खापर त्यांनी धानावर फोडलं. कलाबाईने तिकीट काढलं हे त्यांनी कसंबसं गिळलं. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितली.

"तिकीट थिनं काढलं, ठीक हाये. पण तिकडचा हातखर्च आपला. तिथं कोणापुढं हात पसराचा नाही तू."

या ठणकावण्यामागे एक जुनं दुखणं होतं. दोन वर्षांपूर्वी कलाबाईच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला सगळे नागपूरच्या एका साडीच्या दुकानात गेले होते. उषाबाईंना एक जांभळी साडी मनापासून आवडली. वासुदेवरावांनी त्यांना साडीचे पैसे दिले होते, पण भंडाऱ्यात भाव काढून, मोजून दिले होते. नागपूरच्या दुकानात ते पुरेनात. उषाबाईंचा हात पाकिटाकडे गेला आणि तिथेच थांबला. कलाबाई हसत म्हणाली, "राहू दे वं ताई, मी देते," आणि तिने पैसे दिलेही. तिच्या मनात काही नव्हतं. उषाबाईही हसल्या. पण त्यांनी ते पाकीट ज्या हळुवारपणे परत पिशवीत ठेवलं, ते गादीवर चहा पीत बसलेल्या वासुदेवरावांनी पाहिलं. त्या दिवशी त्यांना स्वतःची लाज वाटली. त्याबद्दल ते कधी कोणाशी बोलले नाहीत, बायकोशीही नाही.

म्हणून या खेपेला उषाबाईंच्या पाकिटात त्यांचे स्वतःचे पैसे पाहिजेत, भरपूर पाहिजेत आणि तिकडे चालणारे पाहिजेत, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. मुलगा विक्की पुण्याला नोकरीला. तो फोनवर म्हणाला, "बाबा, कार्ड काढून देतो न मी आईले. त्यात पैसे टाकले का झालं."

"कार्डात पैसे दिसत नाहीत," वासुदेवराव म्हणाले. "तिच्या हाती पैसा दिसला पायजे."

सहलवाल्यांनी सांगितलं होतं, तिकडे डॉलर घेऊन या, तिथे त्याचे तिथले पैसे करून मिळतात, वरखर्चाला तीनशे पुष्कळ झाले. झालं, वासुदेवराव तीनशे डॉलरच्या मागे लागले.

पहिल्यांदा भंडाऱ्याच्या बँकेत गेले. मोबाइलवर डॉलर अठ्ठ्याऐंशी दाखवत होता आणि बँकेतला माणूस नव्वदच्या वर बोलत होता.

"हे वरचे कायचे?" वासुदेवरावांनी मोबाइल त्याच्यापुढे धरला.

"काका, तो मोठ्या व्यवहाराचा भाव. हाती नोट पाहिजे तर वेगळा. आणि आमच्या शाखेत नोटा नसतातच, मागवाव्या लागतील."

"म्हणजे धानासारखंच म्हणा. सांगाचा भाव एक, घ्याचा एक."

मग कोणीतरी सांगितलं की कारध्याचा एक मुलगा मलेशियातून परत आला आहे, त्याच्याजवळ डॉलर आहेत. लगेच नदीवरचा पूल ओलांडून कारधा गाठलं. मुलगा सालस होता. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "काका, असे घरून डॉलर विकता येत नाहीत. कायद्यात बसत नाही. दुकानातूनच घ्या." वासुदेवरावांनी चहा संपवला, मुलाला शाबासकी दिली आणि येता येता नदीकाठी मासळीचा भाव विचारला. घ्यायची नव्हती. आलोच आहोत तर विचारून घ्यावा म्हणून.

त्यानंतर नागपूर. एसटीचं म्हाताऱ्या माणसाचं अर्धं तिकीट काढून ते सीताबर्डीला उतरले आणि पैसे बदलून देणाऱ्या दुकानांची एक फेरी मारली. मग दुसरी मारली. दुकानांच्या पाटीवर डॉलरपुढे दोन आकडे लिहिलेले होते, दुकानदार घेणार त्याचा एक आणि देणार त्याचा एक. हे पाहून त्यांना राग आला आणि थोडं कौतुकही वाटलं. नोट तीच, माणूस तोच, आणि दोन्हीकडून त्याचाच फायदा! याच्या दुकानात जाऊन त्याचा भाव सांगायचा, त्याच्या दुकानात जाऊन याचा, असा दिवस घालवून ते संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आले. उद्या उतरेल, अशी त्यांना आशा होती.

गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. चहाच्या टपरीवर माणसं धानाचा भाव विचारावा तसं विचारू लागली, "काय वासुदेवराव, आज डालर कसा?" आणि तेही गंभीरपणे सांगत, "काल्लपेक्षा दहा पैसे चढला." रोज सकाळी विक्कीचा मेसेज येई, तो वाचल्याशिवाय ते बांधीवर जात नसत.

"अजी, घेऊन टाका न आता," उषाबाई एकदा म्हणाल्या. "माह्यं विमान उडून जाईन, आन् तुमी भावच पाहत राहाल."

"तुले नाही समजत. पैशापैशानंच रुपया होते," ते म्हणाले.

शेवटी एक दिवस डॉलर थोडा उतरला आणि वासुदेवराव पहिल्या गाडीने नागपूरला गेले. तिथल्या एका दुकानात काउंटरवरच्या मुलीने मागच्या फेऱ्यांवरून त्यांना लगेच ओळखलं. त्यांनी उषाबाईंचा पासपोर्ट, तिकीट, सगळे कागद पुढे ठेवले आणि भावावरून घासाघीस सुरू केली. मुलगी हसत म्हणाली, "काका, तीनशे डॉलरसाठी एवढं कोणी करत नाही."

"म्हणून तं तुमचं चालते," वासुदेवराव म्हणाले.

तिने आत जाऊन मालकाला विचारलं आणि आणखी काही पैसे कमी केले. शंभराच्या तीन कोऱ्या नोटा पाकिटात घालून देताना ती म्हणाली, "घडी घालू नका, काही लिहू नका, काही लावू नका यांना. डाग असला की तिकडे घेत नाहीत." वासुदेवरावांनी मान हलवली, पण त्यांच्या कानात तेव्हा फक्त आकडे फिरत होते. किती वाचले, याचा हिशोब ते मनात मांडत होते. भाड्याचे पैसे त्यात धरायचे नाहीत, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं.

घरी येऊन त्यांनी ते पाकीट उषाबाईंच्या हातात दिलं. देताना छाती थोडी पुढे आली होती.

"मोज."

उषाबाईंनी पाकीट उघडलं. "तीनच? एवढ्या पैशाच्या तीनच, जी?"

"तीनच. पण पुऱ्या नागपुरात कोणाले या भावात नसतील भेटल्या."

उषाबाईंनी नोट उजेडात धरली. नोटेवर लांब केसांचा, पुढून टक्कल पडलेला एक म्हातारा होता. "कोणाच्या घरचा हाये बाप्पा हा? भला माणूस दिसते," त्या म्हणाल्या. तिन्ही नोटा त्यांनी दोन्ही हातांत अशा धरल्या की वासुदेवरावांना महिन्याच्या वणवणीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. ते सकाळीच बांधीवर गेले. दुपारी जेवायला परत आले तर कलाबाई नागपूरहून आलेली होती. ताईची बॅग भरून द्यायची, दोन दिवस राहायचं आणि मग दोघींनी इथूनच निघायचं, असं ठरलं होतं. पण घरात दोन बहिणी असताना एवढी शांतता कशी, हे पाहून वासुदेवराव उंबऱ्यातच थबकले.

"भाऊजी, बसा आधी," कलाबाई म्हणाली.

देवापुढच्या पाटावर तिन्ही नोटा मांडल्या होत्या. चार कोपऱ्यांना हळदीची बोटं. वर अक्षता. आणि तिन्ही म्हाताऱ्यांच्या कपाळावर ओलं कुंकू, चांगलं ठसठशीत, सवाष्णीला लावावं तसं.

"तिकडे घेत नाहीत भाऊजी अशा," कलाबाई हळूच म्हणाली. "आमच्या सहलवाल्यानं बजावून सांगतलं. नोट कोरी पायजे."

"मी पुसतो न जी. आता पुसतो," उषाबाई म्हणाल्या. ओल्या फडक्याने त्यांनी एक नोट पुसायला घेतली. कुंकू निघालं नाही, पसरलं. कपाळापुरता असलेला लाल रंग म्हाताऱ्याच्या सगळ्या तोंडाला लागला. दुसरी नोट पुसायचा त्यांना धीर झाला नाही.

वासुदेवराव बसले नाहीत. त्यांचा आवाज चढला. "महिना झाला मी फिरून राहिलो! भंडारा केला, कारधा केला, दोनदा नागपूर केलं. दहा दहा पैशासाठी लोकाईच्या दारात उभा राहिलो. आन् तू एका बोटानं..."

उषाबाई फडकं हातात धरून उभ्या होत्या. कलाबाईला ते बघवेना. ती चांगल्या मनाने म्हणाली, "राहू द्या न भाऊजी. माह्याजवळ जास्तीचे आहेत. तिकडे मी देते ताईले."

झालं. जे होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप केला, ते वाक्य ऐकायला मिळालं, आणि तेही आपल्याच घरात.

उषाबाईंनी फडकं खाली ठेवलं. "मी नाही जात," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत, रुसल्या नाहीत. खाटेखालची बॅग ओढली आणि आतल्या साड्या एकेक करून बाहेर काढायला लागल्या. कलाबाई शहाणी होती. ती चहा ठेवते म्हणून आत गेली आणि तिने चहाला हवा त्यापेक्षा पुष्कळ वेळ लावला.

वासुदेवराव खाटेवर टेकले. राग उतरायला लागला तसं त्यांना काउंटरवरच्या मुलीचं बोलणं आठवलं, अगदी शब्दन् शब्द. घडी घालू नका, काही लिहू नका, काही लावू नका. तिने सांगितलं होतं. ऐकलं त्यांनी होतं आणि घरी येऊन सांगितला होता फक्त भाव.

"त्या पोट्टीनं सांगतलं होतं मले," ते खालच्या आवाजात म्हणाले. "नोटेले काही लावाचं नाही म्हणून. मीच तुले सांगाले भुललो. चूक माही हाये."

"सांगतलं असतं तरी मी लावलंच असतं," उषाबाई साडी झटकत म्हणाल्या.

"काहून?"

"काहून म्हणजे? तुमी पाण्याची मोटर आणली, फटफटी आणली, दरसाल धानाचं पयलं पोतं घरात आणता. बिना कुंकवाचं काय ठेवलं मी आजपर्यंत? तुमच्या हातानं घरात येते थे लक्ष्मीच. थे कोणत्या देशाची हाये, मी कायले पाहू?"

वासुदेवरावांनी पाटावरच्या नोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पण हे घरात ठेवाचं नव्हतं न उषा. हे खर्च कराले होतं."

उषाबाईंचा हात थांबला. "खर्च कोण करून राहिलं होतं?"

"म्हणजे?"

"परत आणणार होती मी. तिन्ही. जशाच्या तशा."

त्यांनी हे इतकं सहज सांगितलं की वासुदेवरावांना आधी नीट कळलंच नाही. उषाबाईच पुढे बोलल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. भाजीला काय करू, असं विचारावं तसा त्यांचा आवाज होता.

"तुमी पैशापैशासाठी एवढं फिरले. थ्या नोटा मोडाले माहा हात उठला असता का? बाजारात दहा रुपयाच्या बांगड्या घेतो न मी, तरी तुमचं तोंड पुढं येते. कितीले आणल्या म्हणून इचाराल, मंग काय सांगू, असं होते. थे तोंड मोहाडीच्या बाजारात येते तं तिकडे काहून येणार नाही? मी ठरवलंच होतं. समुद्र पाहाचा, विमानात बसाचं, आन् पैसे परत आणून तुमच्या हाती द्याचे. तुमी खूश झाले असते." त्यांनी हातातली साडी खाटेवर ठेवली. "म्हणून तं कुंकू लावलं. परत याचीच होती लक्ष्मी."

वासुदेवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचीही त्यांना शुद्ध राहिली नाही. बायकोच्या हाती मोकळा पैसा द्यावा म्हणून ते महिनाभर धावले होते. आणि जितके धावले, तितकी ती पाकिटावरची मूठ घट्ट करत गेली होती. साडीच्या दुकानातही तसंच झालं असणार. पैसे कमी पडले हे खरंच, पण पुरले असते तरी तो हात थांबलाच असता. एका दिवसाची नाही, सबंध संसाराची ही गोष्ट होती, आणि ती आपल्याला एवढ्या वर्षांनी, कुंकू लागलेल्या तीन नोटांमुळे कळावी, याचं त्यांना फार वाईट वाटलं. बाजारात जिंकलेले सगळे भाव त्या क्षणी त्यांना नकोसे झाले.

ते उठले. पाटावरच्या नोटा गोळा केल्या, पासपोर्ट आणि तिकीट घेतलं आणि सगळं शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"साड्या भरून ठेव," एवढंच म्हणाले. "उद्या जाऊन येतो."

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी नोटा काउंटरवर ठेवल्या तेव्हा त्या मुलीने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! काका, हे काय?"

"माह्या बायकोनं पूजा केली," वासुदेवराव म्हणाले. सांगताना त्यांना अजिबात लाज वाटली नाही.

मुलगी नोटा घेऊन आत गेली आणि मालकाशी बोलून परत आली. "परत घेतो म्हणतात काका, पण डागाचे कापावे लागतील. आमचा घ्यायचा भाव आज..."

"भाव नको सांगू, बाई."

मुलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"भाव नको सांगू म्हणतो. या घे, दुसऱ्या दे. वरून मी किती द्याचे, तेवढा आकडा सांग."

तिने आकडा सांगितला. आकडा लहान नव्हता. महिनाभरात जे वाचवलं होतं ते गेलं आणि त्याच्या वर आणखी बरंच गेलं. समोरच्या दुकानाची पाटी काचेतून सरळ दिसत होती. त्यांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून पैसे मोजले.

"आन् शंभराच्या नको देऊ," ते म्हणाले. "मोठी नोट मोडाले माणसाचा जीव होत नाही. बारक्या बारक्या दे. सगळ्या."

"काका, लहान नोटांना तिकडे भाव थोडा कमी मिळतो हं."

"भेटू दे."

मुलीने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग ती दहा-दहाच्या आणि वीस-वीसच्या नोटा जुळवायला लागली. पाकीट देताना मात्र ती म्हणाली, "काकूंना यावेळी सांगा बरं, काही लावू नका म्हणून."

"सांगतो," ते म्हणाले. "आता तेच पयले सांगतो."

ते घरी पोचले तेव्हा दिवस कलायला लागला होता. बॅग भरलेली नव्हती. साड्या कालच्यासारख्याच खाटेवर पडल्या होत्या आणि उषाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. वासुदेवराव त्यांच्यासमोर बसले आणि पाकीट सुपात ठेवलं.

"काही लावाचं नाही याले," ते म्हणाले. "थे तिकडे चालत नाही."

उषाबाईंनी हात पुसून पाकीट उघडलं. आत नोटांची चांगली गड्डीच होती. "अजी, हे तं कितीक हायेत!"

"तेवढेच हायेत. बारके करून आणले."

"आन् भाव काय लागला?" एवढ्या वर्षांच्या सहवासात ती सवय त्यांनाही लागलेलीच होती.

"इचारलाच नाही."

उषाबाईंनी मान वर केली. नवऱ्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन तळहात त्यांच्या कपाळावर ठेवला. "उन्हातून आले जी तुमी. बरं वाटते न?"

"बरा आहो मी." त्यांनी तो हात कपाळावरून काढला, पण सोडला नाही. दारात कलाबाई उभी होती, तरी सोडला नाही. "तू बी तिकडे इचारू नको. आवडलं का घे. कोणासाठी आणाचं म्हणून नाही, तुह्यासाठी घे. आन् परत आल्यावर मी बी इचारणार नाही, कितीले आणलं म्हणून."

"बिना भाव इचारता कसं घेतात, जी?" उषाबाई म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या. "मले नाही येत."

"मले बी येत नव्हतं. आजच शिकलो."

"मंग सांगा न."

वासुदेवरावांनी थोडा विचार केला. "वस्तू हाती घ्याची. आवडली का, एवढंच मनाले इचाराचं. आवडली तं पैसे द्याचे आन् निघाचं. दुसऱ्या दुकानाकडं पाहाचं नाही." मग ते प्रामाणिकपणे म्हणाले, "पोटात दुखते थोडं. पण गाडीत बसलं का थांबते."

उषाबाई हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, पदरामागेही बराच वेळ हसत राहिल्या, आणि ते नुसतं हसणं नव्हतं हे तिघांनाही कळत होतं. मग त्या उठल्या, खाटेवरच्या साड्या सारून आपलं पाकीट शोधलं आणि सगळ्या नोटा न मोजताच त्यात टाकल्या.